दुर्मिळ जातीचा स्पॅनियल घरी आणावा का? आधी तास मोजा



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या एका धड्यावर नाही. पण 'पाळीव प्राणी' हा विषय आपण दरवर्षी शिकवतो आणि 'माझा आवडता प्राणी' या निबंधात निम्म्या वर्गाचा प्राणी कुत्राच असतो. कुत्रा इमानी असतो, तो घराची राखण करतो, त्याला चार पाय व एक शेपूट असते, तो भाकरी खातो. अशा शेकडो वह्या मी तपासल्या आहेत. पण 'कुत्र्याला रोज वेळ द्यावा लागतो' हे वाक्य मला अजून एकाही वहीत सापडलेलं नाही. मुलांचा दोष नाही. आपणच ते कधी सांगितलेलं नाही.

हा विषय डोक्यात आला तो एका पालकांमुळे. दिवाळीच्या सुट्टीआधीची पालकसभा संपली आणि समीरचे बाबा मागे थांबले. (मुलाचं नाव मी बदललं आहे.) त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, तुमच्याकडे असलंच लांब कानांचं कुत्रं आहे ना? हे बघा बरं."

फोटोत एक गडद तपकिरी पिल्लू होतं. खाली लिहिलेलं, 'फील्ड स्पॅनियल, अतिशय दुर्मिळ जात, शेवटची दोन पिल्लं, आजच बुकिंग करा.'

"समीरला सांगितलंय, या सत्रात चांगला अभ्यास केलास तर घेऊन देईन. आता त्यानं केलाय. काय करू? घेऊ का?"

मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. "दोन दिवसांनी सांगते," म्हणाले. त्या दोन दिवसांत जो विचार केला तोच इथे मांडते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. आपल्या या भागातल्या, नवरा-बायको दोघंही कामावर जाणाऱ्या बहुतेक घरांना दुर्मिळ जातीचा स्पॅनियल मानवणारा नाही. आणि कुठलंही कुत्रं, मग ते दुर्मिळ असो की गावठी, मुलाला बक्षीस म्हणून देऊ नये.

आमची जिलबी

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही, चूक करून शिकले आहे.

दोन वर्षांपूर्वी गणपती होऊन गेल्यावर, कर्नाळ्याच्या खिंडीच्या अलीकडे हायवेच्या कडेला आमच्या शाळेतल्या मुलांना एक कुत्री दिसली. सोनेरी रंगाची, कुरळ्या केसांची, गळ्यात पट्टा, पण पट्ट्यावर नाव नाही. कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची ती गर्दी. कुणाची चुकली की कुणी सोडून दिली, कोण जाणे. आम्ही आठवडाभर चौकशी केली, कुणी विचारत आलं नाही. मग मी तिला घरी नेलं. कानांवरच्या कुरळ्या केसांमुळे मुलांनी नाव ठेवलं 'जिलबी'. डॉक्टरांनी सांगितलं, ही कॉकर स्पॅनियल आहे, वय साधारण तीन वर्षं.

जिलबी सारखी मान हलवायची. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती सारखी नाही नाही म्हणते." आम्ही सगळे हसलो. खाऊ दाखवला की 'नाही नाही', हाक मारली की 'नाही नाही'. मला ती तिची लकबच वाटली. पंधरा-वीस दिवसांनी तिच्या डोक्याजवळ घाण वास येऊ लागला, तेव्हा मी पहिल्यांदा तिचा कान उचलून आत पाहिलं. आतून लालभडक, सुजलेला, काळपट मळ आणि पू. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं जुनं आहे, पण हे पंधरा-वीस दिवसही वाया गेले. औषधांनी उजवा कान बरा झाला. डाव्या कानानं तिला आजही नीट ऐकू येत नाही.

रोज प्रार्थनेनंतर मुलांची नखं तपासणारी मी. घरात आलेल्या मुक्या जनावराचा कान उचलून पाहावा हे मला तीन आठवडे सुचलं नाही. ती 'नाही' म्हणत नव्हती, 'दुखतंय' म्हणत होती.

म्हणून समीरच्या बाबांचा प्रश्न मला साधा वाटला नाही.

स्पॅनियल म्हणजे नेमकं काय?

स्पॅनियल ही एक जात नाही, तो एक मोठा परिवार आहे. हे नाव स्पेन देशाच्या नावावरून आलं असं मानतात. पक्ष्यांच्या शिकारीला जाणाऱ्या माणसांनी ही कुत्री तयार केली. झुडपात घुसायचं, वास काढत दडलेला पक्षी शोधायचा, त्याला उडवायचं आणि मालकानं गोळी मारली की पडलेला पक्षी तोंडात धरून आणून द्यायचा, हे त्यांचं काम. कॉकर हे नावसुद्धा वुडकॉक या पक्ष्यावरून पडलं. स्प्रिंगर म्हणजे पक्ष्याला झुडपातून उसळायला लावणारा.

आपल्याकडे दिसतो तो बहुतेक कॉकर. बाकीचे काही स्पॅनियल त्यांच्या मूळ देशातही मोजकेच उरले आहेत. क्लम्बर हा पांढरा, जाडजूड, सगळ्यांत वजनदार स्पॅनियल. ससेक्स हा सोनेरी झाक असलेल्या तपकिरी रंगाचा, बुटका, काम करताना भुंकणारा. फील्ड हा मध्यम उंचीचा, गडद तपकिरी किंवा काळा. आयरिश वॉटर हा कुरळ्या केसांचा, पाण्यात शिरणारा. ब्रिटनचा केनेल क्लब धोक्यात आलेल्या देशी जातींची एक यादी ठेवतो. वर्षाला ३०० किंवा त्याहून कमी पिल्लांची नोंद होते अशा जाती या यादीत येतात, आणि या चारही जाती त्या यादीत आहेत.

आता तुम्हीच विचार करा. जी पिल्लं स्वतःच्या देशात वर्षाला तीनशेही जन्मत नाहीत, ती मोबाइलवर 'आजच बुकिंग' करून पनवेलला कशी मिळतात? या प्रश्नाकडे पुढे येतेच.

स्वभावानं स्पॅनियल प्रेमळ असतो. माणसाला चिकटून राहणारा, मुलांमध्ये रमणारा. हा त्याचा गुण, आणि आपल्यासाठी हीच अडचण. जो माणसाला चिकटून राहतो त्याला एकटेपणा सोसत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुलूप लावलेल्या घरात असा कुत्रा राहिला तर तो भुंकतो, चपला-गाद्या फाडतो, स्वतःचे पाय चाटून चाटून जखमा करून घेतो. मग आपण म्हणतो, कुत्रं वाईट निघालं.

कर्नाळ्याच्या हवेत तो राहील का?

इंग्लंडच्या थंड हवेतला लांब केसांचा कुत्रा आणि आपलं कोकण. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जीभ बाहेर काढून अंग गार करतो. हवा दमट असली की धापा टाकूनही फारसा उपयोग होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी माणूस हैराण होतो, तिथे अंगावर लोकर घातलेल्या जनावराचं काय होत असेल? पंख्याखाली थंड फरशी, दिवसभर पाणी, आणि फिरणं फक्त पहाटे व रात्री, ही चैन नाही, गरज आहे.

मग येतो पाऊस. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तर स्पॅनियलचे कान कसे वाळणार? लोंबणारा कान म्हणजे झाकण लावलेला डबा. आत हवा जात नाही, ओल राहते आणि बुरशी-जंतू वाढतात. शिवाय पावसाळ्यात गवत वाढलं की गोचिडी. लांब केसांत त्या दिसतच नाहीत. गोचिडीमुळे होणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही.

आणखी एक गोष्ट, जी फक्त आपल्या गावाची आहे. कर्नाळा हे १९६८ साली जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य. आपल्या रायगड जिल्ह्याचा जिल्हा पक्षी तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, रंगीत, पावसाळ्यात इथे येऊन ओढ्याच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ करून अंडी घालणारा. रातवा तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. मोर आणि रानकोंबडी यांची घरटीही जमिनीवरच. आणि आपण आणणार कोण? शेकडो वर्षं फक्त झुडपातले पक्षी हुडकून उठवायला घडवलेला कुत्रा! त्याला रागावून उपयोग नाही, त्याच्या रक्तातच ते आहे. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसानं स्पॅनियल मोकळा सोडणं म्हणजे मुलांनी आवरून ठेवलेल्या वर्गात वाऱ्याला आत घेणं. पट्टा कायम हातात हवा, ओढ्याकाठी तर हवाच.

तासांचं गणित

समीरच्या बाबांना मी जे गणित घातलं ते तुम्हीही सोडवून पाहा. चौथीच्या मुलांना सहज जमेल असं आहे.

स्पॅनियल साधारण १२ वर्षं जगतो, काही त्याहून जास्तही. फिरवणं, विंचरणं, खायला घालणं, साफसफाई हे सगळं मिळून रोज फक्त १ तास धरू. खरं तर कामासाठी घडवलेल्या या कुत्र्याला त्याहून जास्तच लागतो, पण आपण कमीत कमी धरू.

१ × ३६५ × १२ = ४३८० तास.

आता दुसरं गणित. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान ८०० तास अध्यापन व्हायला हवं. पाच वर्षांचे झाले ४००० तास.

म्हणजे एक कुत्रा तुमच्याकडे जेवढे तास मागतो, तेवढ्या तासांत एक मूल पहिली ते पाचवीची सगळी शाळा शिकून बाहेर पडतं, आणि वर ३८० तास उरतात!

या ४३८० तासांना ना दिवाळीची सुट्टी, ना मे महिन्याची. लग्नाला जायचं, गावी जत्रेला जायचं, घरात कुणी आजारी आहे, तरी तास चालूच. आणि आपल्या पाचवीच्या मुलाचं काय? १२ वर्षांनी तो बावीस वर्षांचा असेल. मधे त्याची दहावी येईल, बारावी येईल, कॉलेजला तो पुण्या-मुंबईला जाईल. मुलासाठी म्हणून आणलेलं कुत्रं शेवटी आईच्या गळ्यात पडतं, हे मी किती घरांत पाहिलं आहे! म्हणून निर्णय मुलाला काय हवं यावर करू नये. घरातल्या मोठ्या माणसांपैकी हे तास कोणाचे, याचं नाव आधी ठरवावं. नाव ठरत नसेल तर उत्तर मिळालंच.

'दुर्मिळ' शब्दाची किंमत

आता त्या मोबाइलमधल्या पिल्लाकडे येऊ. 'दुर्मिळ' म्हटलं की आपल्याला ते मौल्यवान वाटतं. दुर्मिळ नाणं, दुर्मिळ पुस्तक, तसं दुर्मिळ कुत्रं. पण कुत्र्याच्या बाबतीत दुर्मिळ याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो, की पैदाशीला जोड्या थोड्या, त्यामुळे जवळच्या नात्यात संकर होण्याचा आणि आनुवंशिक आजारांचा धोका जास्त. आणि ती जात ओळखणारे, तिची दुखणी जाणणारे लोकही आसपास कमी.

विकत घ्यायचंच असेल तर एवढं तरी माहीत असू द्या :

१. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणीचा कागद मागा.

२. ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. 'लहानपणीच घेतलं की लळा लागतो' असं म्हणून महिन्याचं पिल्लू कुणी देऊ लागलं तर समजून जा.

३. २०१६ पासून व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आयात करायला मनाई आहे. त्यामुळे 'बाहेरून आणलेल्या जोडीची पिल्लं' असं कुणी म्हटलं तर ती जोडी कशी आणि कधी आली, हे विचारायला लाजू नका.

४. केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा दाखला आणि पिल्लाच्या अंगातली मायक्रोचिप यांचा नंबर जुळतो का ते पाहा.

५. पिल्लाची आई बघायला मिळालीच पाहिजे. ती कुठे राहते, कशी दिसते, माणसाला घाबरते का? आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तिथून परत फिरा.

समीरच्या बाबांनी यातले तीन प्रश्न त्या नंबरवर पाठवले. पलीकडून उत्तर आलं नाही. पिल्लू फील्ड होतं, कॉकर होतं की आणखी काही, ते देवालाच ठाऊक.

यावर कुणी म्हणेल, "बाई, पण दुर्मिळ जाती टिकवायच्या तर कुणीतरी पाळायला नकोत का?" मुद्दा बरोबर आहे. पण जात टिकते ती तिच्या कामाच्या जागी, ती जाणणाऱ्या माणसांकडे, चांगल्या निरोगी जोड्या असतील तिथे. आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या पडलेल्या एका पिल्लानं जात टिकत नाही. फक्त एक जीव कंटाळतो.

आणि दुर्मिळ पाहायला इंग्लंडला कशाला जायचं? सीमेपलीकडच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तिथल्या घोरपडे राजघराण्यानं शिकारी कुत्र्यांची जी जात जोपासली ती मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्ध आहे, आपल्याकडे तिला कारवान म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळही आहे. मला त्याचा अभिमान आहे. तरीही समीरच्या घराला मी मुधोळही सुचवणार नाही. दख्खनच्या उघड्या, कोरड्या माळावर सशामागे वाऱ्यासारखं धावणारं ते जनावर. त्याला जिन्यात कोंडणं हीसुद्धा क्रूरताच. देशी म्हणून सगळं चालतं असं नाही.

मग कोणतं? माझा अनुभव विचाराल तर आपल्या दारातला गावठी कुत्रा. आखूड केस, उभे कान, इथल्या उन्हा-पावसाला पिढ्यान् पिढ्या सरावलेला. पण त्यालाही लसी लागतात, नसबंदी करून घ्यावी लागते आणि तासही लागतातच. तो फुकट मिळतो म्हणून फुकटात वाढत नाही.

ज्यांच्या घरी स्पॅनियल आहेच त्यांच्यासाठी

काही पालकांकडे कॉकर आहे हे मला माहीत आहे. त्यांना रागावण्यासाठी हा लेख नाही. जिलबीनं मला जे शिकवलं ते देते :

• कान : आठवड्यातून दोनदा तरी उचलून बघा आणि वास घ्या. हो, नाक जवळ नेऊन वास घ्या. आंबूस वास, लाली, सारखी मान हलवणं, कान फरशीवर घासणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टर. कानात काडी किंवा कापूस लावलेली तार घालू नका, घरचं तेलही घालू नका. अंघोळीनंतर आणि पावसात भिजल्यावर कान आधी कोरडे करा. पाणी व जेवण अरुंद, खोल भांड्यात ठेवा, म्हणजे कान बाहेर राहतात.

• केस : एक दिवसाआड फणी. कानामागे, काखेत आणि पायांच्या बोटांमध्ये गुंता होतो. दीड-दोन महिन्यांनी केस कापून घ्या, पण उन्हाळ्यात पूर्ण चकोट करू नका, कातडी भाजते.

• गोचिडी : पावसाळ्यात रोज रात्री अंगावरून हात फिरवा. हाताला दाणा लागला की थांबून बघा. औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेलंच वापरा.

• लसी : पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे डोस. कार्ड फाइलमध्ये जपून ठेवा, मुलांच्या लसीकरणाच्या कार्डासारखं.

• खाणं : स्पॅनियल खादाड. डोळ्यांत पाणी आणून मागतो आणि आपण देतो. वजन वाढलं की सांधे दुखतात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे. गणपतीच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, तेव्हा प्रेमानं भरवू नका.

• चावा : घरचं असो की रस्त्यावरचं, कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. मिरची, चुना, हळद काही लावू नका. हे शिक्षकांनी वर्गात पाठ करून घ्यावं, पाढ्यांसारखं. मुलं आपल्याला सांगायला घाबरतात, म्हणून 'सांगितलंस तर ओरडणार नाही' हेही आधी सांगून ठेवावं.

समीरची पंधरा दिवसांची परीक्षा

दोन दिवसांनी समीरचे बाबा आले तेव्हा मी 'नको' म्हटलं नाही. कारण नुसतं 'नको' मुलाला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला सोबत हवी होती हे मला कळत होतं. एकुलता एक मुलगा, बाबा रसायनीला कंपनीत शिफ्टला, आई पनवेलला दुकानात. शाळा सुटल्यावर तीन तास तो घरी एकटा. त्याला कुत्रं हवं होतं, ते उगाच नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, पंधरा दिवस कुत्रं आहे असं समजून राहा." त्याला जिलबीचा जुना पट्टा दिला. सकाळी सहाला उठून रिकामा पट्टा हातात घेऊन वीस मिनिटं चालायचं. रात्री जेवणानंतर पुन्हा. दिवसातून दोनदा वाटीत पाणी भरून ठेवायचं. रोज दहा मिनिटं आईच्या जुन्या शालीला फणी करायची. आणि घरातल्या मोठ्यांनी एका वहीत लिहायचं : आज कुत्र्याजवळ कोण किती वेळ असतं?

समीरनं पंधरापैकी तेरा दिवस पट्टा फिरवला. गल्लीतली पोरं हसली तरी फिरवला. दोन दिवस ताप होता म्हणून राहिलं. मोठ्यांची वही मात्र सहाव्या दिवशीच थांबली. बाबांची रात्रपाळी लागली, आई सकाळच्या गाडीनं जायची. पंधराव्या दिवशी बाबा आले, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, पोरगा पास झाला. घर नापास झालं."

मला त्या वाक्यात कमीपणा दिसला नाही. पिल्लू आणून सहा महिन्यांनी हायवेवर सोडण्यापेक्षा वहीत नापास होणं किती तरी चांगलं. असं ज्यांनी वेळेवर मोजलं नाही, त्यांचीच जिलबी आपल्या खिंडीत सापडते.

आता समीर दर रविवारी सकाळी माझ्याकडे येतो. आम्ही तिघं मागच्या रस्त्यानं फिरून येतो, पट्टा त्याच्या हातात. मग ओट्यावर बसून तो तिला विंचरतो. बाबांची सुट्टी असली तर तेही येतात. त्याचा एकटेपणा रोजच्या तीन तासांतून पुरता गेलेला नाही, हे मान्य करते. रविवारचा दीड तास म्हणजे सगळं उत्तर नव्हे. पण आपल्याला झेपेल तेवढंच आपण घेतलं आहे, आणि जिलबीलाही एक माणूस वाढला.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रहो, 'पाळीव प्राणी' शिकवताना हे करून पाहा. फळ्यावर कुत्रा, गाय, कोंबडी, मांजर लिहा आणि मुलांना घरी विचारून यायला सांगा : या प्राण्याला रोज कोण किती वेळ देतं? आमच्या वर्गात बहुतेक उत्तरं 'आई' आणि 'आजी' आली. मुलं गप्प झाली. मग ४३८० तासांचं गणित घातलं. त्यानंतरच्या निबंधांत पहिल्यांदा 'मी सकाळी त्याला पाणी ठेवतो' अशी वाक्यं आली. चार पाय व एक शेपूट यापेक्षा मला ती जास्त आवडली.

संत नामदेवांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी भाकरी घशात अडकेल म्हणून. कुत्रा कोणत्या जातीचा होता हे त्या गोष्टीत कुणीच विचारत नाही. त्याला काय लागेल, एवढंच नामदेवांनी पाहिलं. पालकहो, कुत्रं घेण्याआधी तुम्हीही तेवढंच पाहा.

मागच्या रविवारी समीरनं जिलबीचा डावा कान उचलला, नाक जवळ नेलं आणि मला हाक मारली, "बाई, आज वास नाही!" मी नोंद केली. पुढची तपासणी बुधवारी.